आचाऱ्याची पंगत

या उन्हाळ्यात मी दोन माणसांचं जेवली. हसू नका. सहा किलो वजन वाढलं माझं, अन् त्यातला एकेक घास मले आठवते.

नवऱ्याचं नाव घेत नाही आम्ही, पण तुम्हाले समजलं पाहिजे म्हणून एकदाच घेते: परसराम. गावात कोणी परसराम म्हणत नाही, आचारी म्हणतात. मीही आचारीच म्हणते. समोर 'अजी' म्हणते, अन् राग आला तं काहीच म्हणत नाही, हातातलं उलथनं, सराटा, आपटते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमचं गाव. तीस वर्षं झाली, आचाऱ्यांची भट्टी लागल्याबिगर आमच्या पट्ट्यात मोठं लगन होत नाही. वांग्या-आलूची भाजी कराव तं त्याईनंच, असं लोक म्हणतात, अन् खोटं नाही म्हणत. मी पुऱ्या लाटणाऱ्या बायाईची म्होरकी. हे भट्टीवर, मी पाटावर. असा आमचा संसार.

आता माझी चूक सांगते. "आचाऱ्याचं पोट वासानंच भरते," हे वाक्य माझं हाय. नवी नवरी होती तेव्हापासून मी हे सांगत आली. खोटंही नाही ते. दिवसभर भट्टीजवळ उभं राहिलं, धूर खाल्ला, तेलाचा वास घेतला, की भूक मरते माणसाची. लगनाच्या दिवशी आचारी दोन घास जेवत, अन् कोणी विचारलं की मी मोठ्या तोऱ्यात म्हणो, "आमच्याकडला माणूस वासानंच जेवते बाप्पा!" बाया हसत. तीस वर्षं हसल्या.

म्हणून दिवाळीनंतर ते घरीही दोन घासातच उठाले लागले, तेव्हा मले काही वाटलं नाही. मलेच नाही वाटलं, तं दुसऱ्याले काय वाटन?

आधी छातीत जळजळ. मंग ढेकरा. "पित्त झालं," म्हणत. मेडिकलमधून गुलाबी औषधाची शिशी आणली. ती शिशी मिठाच्या डब्याजवळ राहे, जिथं भट्टी तिथं शिशी. दोन घोट घेतले की बरं वाटे. मंग गोळ्या सुरू झाल्या. मंग गोळी घेऊनही बरं वाटेना. मटणाचा वास आला की तोंड फिरवत. ज्या माणसानं आयुष्यभर खारवलेल्या मासोळ्यांबिगर भात नाही खाल्ला, तो माणूस मासोळीची टोपली पाहून उठून जाय. कमरेच्या पट्ट्याले त्याईनं तापल्या सळईनं छेद पाडला. महिन्याभरानं दुसरा पाडला. मंग तिसरा. अन् लोक काय म्हणत माहीत हाय? "काय आचारी, तरण्या पोरासारखी कंबर झाली!" हे हसत. मीही हसो. जळो ते हसणं.

फेब्रुवारीत एक दिवस ते संडासात पाणी टाकाले विसरले. मी पाहिलं. डांबरासारखं काळं होतं, चिकट.

"अजी, हे काय होय?" मी म्हणलं.

"पालक खाल्ला काल."

"कोणाच्या घरी खाल्ला? इथं तं दोन घास वरण-भात खाल्ला तुम्ही!"

"कुंदे, सकाळी सकाळी डोकं नको खाऊ."

दोन दिवसांनी भट्टीजवळ चक्कर आली. झारा हातातून पडला. माणूस तेलात नाही पडला हे नशीब. मी काही ऐकलं नाही मंग. हात धरला अन् तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं.

तिथली डाक्टरीण बाई आमच्या पोरीच्या, अंजूच्या वयाची होती. पण हुशार. तिनं त्याईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पोट दाबलं. मंग विचारत गेली. जळजळ कधीपासून? जेवण किती जाते? उलटी होते का? तंबाखूचा खर्रा किती वर्षांपासून?

"मिसरूड फुटलं तेव्हापासून," मी म्हणलं. "दिवसाचे सहा. अन् अर्धा रस गिळतात."

"तू गप्प बस ना," आचारी म्हणाले.

"घरात कोणाले पोटाचा काही मोठा आजार?"

आचारी छताकडे पाहाले लागले. मीच सांगतलं, "यांचे मोठे भाऊ केशोराव. पोटात गाठ निघाली होती. बावन्न वर्षांचे होते."

बाईनं पेन खाली ठेवला. म्हणे, "काका, तुमचं वय अठ्ठावन्न. आतापर्यंत पित्त नव्हतं, आता सुरू झालं, अन् गोळीनं जाऊन नाही राहिलं. दोन घासात पोट भरते. वजन उतरलं. काळी संडास होते, म्हणजे आतून रक्त जाऊन राहिलं. अंगात रक्त कमी झालं. खर्रा हाय, खारवलेली मासोळी हाय, भाऊ याच रोगानं गेला. एवढं सगळं साध्या पित्तानं होत नाही."

"मंग कशानं होते?" आचाऱ्यांनी विचारलं.

"जखम असू शकते. पोटात एक जंतू राहते, त्याचंही असू शकते, ते औषधानं जाते. अन् दुसरंही असू शकते. आत पाहिल्याबिगर मी काही सांगू शकत नाही. गोंदियाले दुर्बिणीची तपासणी होते. तोंडातून बारीक नळी टाकतात, दहा मिनिटाचं काम. याच आठवड्यात जा." तिनं चिठ्ठी लिहून दिली. मले म्हणे, "काकू, तुम्ही घेऊन जा यांना."

मी चिठ्ठी पदरात बांधली. दवाखान्याची पायरी उतरलो अन् आचारी मधेच बसले, पायरीवर. म्हणे, "दे ती चिठ्ठी."

"कायले?"

"दे म्हणलं ना."

दिली. त्याईनं ती घडी केली, खिशातल्या सामानाच्या यादीत घातली. मंग म्हणाले, "केशोरावले नळी टाकली अन् सत्तावन्नाव्या दिवशी तो गेला. चालता-बोलता माणूस होता. नळीनं हवा लागली आतमधी, अन् रोग चवताळला. मी नाही टाकत."

"ते नळीनं नाही गेले, अजी. ते उशिरा गेले दवाखान्यात. सहा महिने ओवा अन् सोडा खात बसले होते."

"तुले जास्त समजते का? अन् ऐक. हंगाम समोर हाय. आचाऱ्याले कॅन्सर झाला म्हणलं तं कोण जेवन आपल्या हातचं? तीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जाईन. दुलीचंदच्या पोरीचं लगन हंगामातलं शेवटचं. तेवढं होऊ दे. मंग जाऊ."

"तोपर्यंत काही झालं तं?"

तेव्हा त्याईनं माझा हात धरला. पायरीवर, दहा लोकाईच्या समोर. हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. म्हणे, "माझी आन हाय तुले. कोणाले सांगशील, अंजूले सांगशील, तं माझं मेलेलं तोंड पाहशील."

आता तुम्ही शिकलेले लोक म्हणाल, आन म्हणजे काय, नुसते शब्द. असतील. पण माझा हात त्याईच्या डोक्यावर होता अन् केस गरम होते उन्हानं. आमच्याकडे आन घातली की ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणलं तं सुटते. लहान लेकरंही जाणतात हे. दुसऱ्या कोणाले सोडवता येत नाही. मी बोलली तं नवरा मरन, अन् नाही बोलली तं आतला रोग त्याले मारन. सांगा मले, बाईनं कोणत्या दारानं बाहेर पडाव?

तिथून मी गप्प झाली. मी, जिचा आवाज चार पाटांवरच्या बाया ऐकतात, ती गप्प.

आता पंगतीचं सांगते, त्याबिगर पुढचं समजणार नाही. आमच्या भागात जुन्या घराईमधी अजून रीत हाय. सगळ्या पंगती उठल्या की शेवटी आचाऱ्याची पंगत बसते. आचारी अन् त्याची बायको पाटावर बसतात, अन् घरचा मालक आपल्या हातानं वाढते. आचारी भरल्या पानानं जेवला, पान साफ केलं, की मंग घरचे लोक जेवतात. तोवर नवरीचा बापही उपाशी. आचारी अर्ध्या पानावरून उठला तं त्या घरचं अन्न उणं पडते, असं म्हणतात. म्हणजे लगन बिघडलं.

वासानं पोट भरणारा माणूस तिथं कसा जेवे? आधी जेवे. दिवसभर दोन घास अन् शेवटच्या पंगतीत मस्त पोटभर. पण आता एक पुरी जात नव्हती.

पायरीवरच्या आनेनंतरचं पहिलं लगन बोंडगावकडचं. मालकानं वाढलं अन् भाजी आणाले वळला. तेवढ्यात आचाऱ्यांनी दोन पुऱ्या माझ्या पानावर सरकवल्या. मंग भात. मंग बुंदी.

"खा," बारीक आवाजात म्हणाले. "नाही तं समजन लोकाईले."

मी खाल्लं. काय करू? माझं पान, मंग त्याईचं पान. मालक खूश. "आचारी, पान तं चाटून साफ केलं तुम्ही!"

मंग हेच चाललं. चैत्रात चार लगनं, वैशाखात नऊ. दरवेळी मी त्याईच्या उजव्या हाताले बसो, म्हणजे सरकवणं सोपं जाय. घरीही तेच. उरलेलं फेकाव कसं म्हणून मी खात जाव. पोट फुटाले येई, घशाशी येई, तरी गिळो. मले वाटे, मी त्याईची लाज झाकून राहिली. पोलकी उसवली माझी. पाटावरची रीता सगळ्या बायाईसमोर म्हणे, "कुंदाबाई, आचाऱ्यांचं जेवण तुमच्या अंगी लागून राहिलं वाटते!" बाया खो-खो हसल्या. मी लाटण्यानं पुरी अशी दाबली की ती फाटली. रीताले वाटलं मी तिच्यावर रागावली.

खरं सांगू का? त्या तीन महिन्यांत मले नवऱ्याचा एवढा राग आला, एवढा राग आला, की कधी वाटे, मरा एकदाचे. अन् लगेच मी कान पकडो. तोंडातून निघालेलं खरं झालं तं?

अंजू, आमची एकुलती पोरगी, गोंदियाले दिली हाय. रोज संध्याकाळी फोन. "बाबा कसे हायेत?" बरे हायेत. "जेवले?" जेवले. खोटं नव्हतंच ते, जेवण झालंच होतं, कोणाच्या पोटात गेलं ते तिनं विचारलं नाही. चैत्रात एका सोमवारी मी तिच्याकडं गेली, तं ती मले नागऱ्याले घेऊन गेली, महादेवाले. मी पिंडीवर बेल वाहिला अन् मनात म्हणलं, देवा, माझी जीभ बांधली हाय. मी आन मोडत नाही. तूच म्हण ना 'सुटली'. कोणाच्या तरी तोंडून म्हण. डोळे मिटून किती वेळ उभी राहिली. मागची बाई म्हणे, "चलो ना चाची, लाइन लगी है."

बाहेर अंजूनं विचारलं, "आई, काय मागतलं एवढं?"

"तुझ्या बाबाले भूक दे म्हणलं."

ती थांबली. "काऊन? बाबाले भूक नाही लागत का?"

आलं होतं माझ्या तोंडाशी, मायबाई, इथं दातापर्यंत आलं होतं. पण डोळ्यासमोर तो हात आला, ते गरम केस आले. म्हणलं, "अगं वय झालं ना." अन् खोकल्याचं निमित्त करून पाणी प्याली.

मी दिवस मोजत होती. दुलीचंदच्या पोरीचं लगन झालं की गोंदिया. आचारी म्हणालेच होते तसं. मे महिना संपाले आला. त्याईची मान बारीक झाली होती, गालाची हाडं वर आली होती. पोटाच्या वरच्या भागात हात दाबून चालत. तरी मी म्हणो, बस, एक लगन राहिलं.

दुलीचंदचं गाव कोहमाऱ्याच्या पलीकडं. टेम्पोत गंज, कढया, झारे भरले. कोहमाऱ्याले हायवेच्या ढाब्यावर चहाले थांबलो. तिथं सडक अर्जुनीकडचा एक माणूस भेटला, त्याच्या पोराचं लगन तुळशीच्या लग्नानंतर. आचाऱ्यांनी खिशातून यादीची वही काढली, तारीख घेतली. त्या वहीतच ती चिठ्ठी होती. मले दिसली, घडीवर हळदीचा डाग पडला होता.

माणूस गेला. मी म्हणलं, "तारीख कायले घेतली? आपल्याले परवा गोंदियाले जायचं हाय ना?"

आचारी कपातला चहा हलवत राहिले, प्याले नाही. म्हणे, "आता धानाची रोवणी येईन. पाऊसपाण्याचं कुठं जाता? दिवाळीनंतर पाहू."

दिवाळीनंतर. मले तिथं समजलं, हा माणूस जाणारच नाही. लगन संपलं की रोवणी, रोवणी संपली की दिवाळी. हा भितो. केशोरावच्या नळीले भितो. अन् त्याच्या भीतीले मी तीन महिन्यांपासून पुऱ्या चारून राहिली.

टेम्पोत मी गंजाले टेकून बसली अन् ती आन शब्दाशब्दानं आठवली. कोणाले सांगशील तं. सांगशील. म्हणजे आन बोलण्याची होती. जेवण्याची नव्हती.

दुलीचंदकडचं लगन दिवसाचं होतं. भाजी अशी झाली होती की लोक पान चाटत होते. शेवटच्या भातावर आचारी भट्टीच्या बाजूच्या खांबाले धरून उभे राहिले, पण उतरवला भात, लोकाईले दिसू नाही दिलं. चार वाजता सगळ्या पंगती उठल्या. दुलीचंदची म्हातारी माय वच्छलाबाई ओट्यावर बसली होती, ऐंशीच्या घरातली. नवरीची पाठवणी खोळंबली होती, कारण घरचे जेवल्याबिगर पोरगी निघणार नव्हती, अन् आचारी जेवल्याबिगर घरचे जेवणार नव्हते.

आम्ही पाटावर बसलो. दुलीचंदनं आपल्या हातानं वाढलं. सहा पुऱ्या, भाजी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. हात जोडून म्हणाला, "सावकाश जेवा आचारी." तो मठ्ठ्याचा जग ठेवाले वळला अन् दोन पुऱ्या माझ्या पानावर आल्या.

मी त्या उचलल्या अन् परत त्याईच्या पानावर ठेवल्या.

"कुंदे," ते पुटपुटले.

मी माझं पान जेवली. सगळं. मंग हात धुतला, पदराले पुसला अन् दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

"खा ना," आचारी म्हणाले. ओठ हलत नव्हते त्याईचे. "लोक पाहून राहिले."

मी समोर पाहत राहिली. समोर दुलीचंद, त्याचे भाऊ, भावजया, नवरी, असे सारे उभे होते, सकाळपासून उपाशी. किती वेळा वाटलं, घ्याव ते पान अन् गिळाव, सुटू दे बिचाऱ्याले. नाही घेतलं.

आचाऱ्यांनी एक घास घेतला. चावला, चावला, गिळला. दुसरा घेतला. कपाळावर घाम आला. तिसरा घास मठ्ठ्यासंगं लोटला. दुलीचंद पुढं आला. "आचारी, काही उणं राहिलं का? मीठ कमी झालं का?"

"नाही नाही. मस्त हाय," म्हणाले. आपलीच भाजी. चौथा घास घेतला. तो गेला नाही. तो आला, अन् त्याच्यासंगं सगळं आलं, पानावर, त्या पुऱ्यांवर. काळपट, चहापत्तीच्या गाळासारखं.

भावजय किंचाळली. मी त्याईची पाठ धरली. पाठ कसली, नुसते मणके. आचाऱ्यांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं. तोंडाले लागलेलं तसंच. डोळ्यात पाणी होतं, अन् लाज होती, लहान लेकरासारखी. मी तरी बोलली नाही. आन होती ना.

"सुटली," ते म्हणाले.

"मोठ्यानं म्हणा."

"सुटली, कुंदे. सुटली."

मंग मी बोलली. तीन महिन्यांचं तुंबलेलं एकदम बोलली. चिठ्ठी त्याईच्या खिशातून मीच काढली अन् दुलीचंदच्या हातात दिली. सगळं सांगतलं, काळी संडास, पट्ट्याचे छेद, केशोराव, माझ्या पोटात गेलेल्या त्याईच्या पुऱ्या. कोणी तरी मागून म्हणलं, "बाप्पा! कॅन्सर हाय का? अन् आपण त्याच्याच हातचं जेवलो?" दोन बाया लुगड्याले हात पुसाले लागल्या.

तेव्हा वच्छलाबाई ओट्यावरून ओरडली, "पोटातली गाठ भाजीत पडते का गं? पन्नास लगनं जेवली मी याच्या हातची, अजून मेली नाही. आण इकडं वाटी!" तिनं भाजीची वाटी घेतली, सगळ्यांसमोर खाल्ली. मंग म्हणे, "आता तुम्हीही जेवा रे. पोरगी खोळंबली. अन् दुलीचंद, तू काय उभा हायस? गाडी काढ."

आचारी उठताना म्हणाले, "पान राहिलं." दुलीचंद म्हणाला, "राहू द्या. परत याल तेव्हा साफ करा." अन् गाडी काढली. अंजूले मी गाडीतूनच फोन लावला. ती आधी रडली, मंग मले अशी शिव्या देत सुटली की मी फोन कानापासून दूर धरला. देऊ दिल्या. तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ठिकाणचे फोन आले. आमचं लगन आता दुसऱ्या आचाऱ्याले दिलं म्हणून. म्हणजे आचारी त्या बाबतीत खोटं नव्हते बोलत. हेही सांगितलं पाहिजे.

गोंदियाच्या दवाखान्यात नळी टाकली. खरंच दहा मिनिटं लागली. बाहेर आले तं आचारी म्हणे, "एवढंच?" मले वाटलं एक थोबाडीत द्यावी. मंग आतला बारीक तुकडा तपासाले पाठवला. मोठे डाक्टर कागद भरून राहिले होते. विचारलं, "खाना कबसे कम हुआ? वजन किती उतरलं?"

"यांचं अकरा किलो, दिवाळीपासून," मी म्हणलं. "अन् माझं सहा किलो वाढलं."

डाक्टरांनी मान वर केली. "तुमचं कायले?"

"साहेब, माझ्या अंगावर जे दिसून राहिलं ना, ते यांचंच जेवण हाय."

डाक्टरांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरचीच. पोटाच्या भिंतीत खोल गेली, पण लिव्हरपर्यंत नाही गेली. आधी नागपूरले औषधाच्या बाटल्या चढवायच्या, मंग ऑपरेशन. पोटाचा मोठा भाग काढा लागन. तोवर दर दोन तासांनी थोडं थोडं पोटात गेलं पाहिजे, अंगात ताकद आली पाहिजे, नाही तं ऑपरेशन झेपणार नाही. खर्रा बंद. अंजूनंही त्या जंतूची तपासणी करून घ्यावी, असं सांगतलं, कारण घराण्यात दोघांना झालं.

मी विचारलं, "साहेब, फेब्रुवारीची चिठ्ठी हाय ही. तेव्हाच आणलं असतं तं?"

ते कागद आवराले लागले. मी म्हणलं, "बोला. माझ्यावर आता कोणाची आन नाही."

"नक्की कोणी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "पण गाठ लहान राहिली असती बहुतेक. काम सोपं झालं असतं. आता फिफ्टी-फिफ्टी समजा."

अर्धं-अर्धं. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसली.

वार्डात आचारी उशीले टेकून बसले होते. अंजू पेज देऊन खाली औषध आणाले गेली होती. बाजूच्या खाटेवरच्या माणसाले हे माझं कौतुक सांगून राहिले होते. "आमची बाई लय पक्की. तीन महिने जीभ नाही हलवली. मी सुटली म्हणलं तेव्हाच बोलली. आन नाही मोडली तिनं."

माझं डोकं फिरलं. सराटा नव्हता हातात, नाही तं आपटला असता.

"मोडाले पाहिजे होती!" मी ओरडली. सगळा वार्ड पाहाले लागला, पाहू दिलं. "त्याच पायरीवर मोडाले पाहिजे होती. तुमच्या डोक्यावरचा हात काढून तिथंच बोंबलाले पाहिजे होतं, अंजू, तुझा बाप मरून राहिला म्हणून. पक्की म्हणता मले? मी घाबरट. तुम्ही नळीले भेले अन् मी तुमच्या शब्दाले भेली. चौदा पंगती, अजी! चौदा पंगती मी तुमच्या पुऱ्या नाही खाल्ल्या, तुमचे दिवस खाल्ले."

बाजूचा माणूस भिंतीकडं तोंड करून झोपल्यासारखा झाला. आचाऱ्यांनी पेजेची वाटी उचलली. एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मंग तीन महिन्यांच्या सवयीनं वाटी माझ्याकडं सरकवली.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

त्याईनं माझ्या हाताकडं पाहिलं, वाटी परत ओढली अन् तिसरा चमचा घेतला. डाक्टरांनी अर्धी वाटी सांगितली होती. अर्ध्याले अजून पाच-सहा चमचे बाकी होते. मी बसून राहिली.